रायगडचा खडकाळ किनारा: काय पाहावे, आणि पाणी कधी उतरते

छत्रपती संभाजीनगरहून रस्त्याने कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र तीनशे किलोमीटरच्या अलीकडे भेटत नाही. तरीही दिवाळीत, नाताळात आणि उन्हाळ्याच्या सुटीत मराठवाड्यातल्या अनेक कुटुंबांचा आणि शाळा-महाविद्यालयांच्या सहलींचा ओढा कोकणाकडे असतो. निघताना डोळ्यांसमोर वाळू, नारळीची झाडे आणि सूर्यास्त असे चित्र असते. रायगड जिल्ह्यात अलिबागपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या पट्ट्यात ते अर्धेच खरे ठरते. इथे वाळूची पुळण असते ती दोन खडकाळ भूशिरांच्या मधल्या कुशीत. पाहण्यासारखे पुष्कळसे त्या भूशिरांवर किंवा त्यांच्यापुढे समुद्रात उभ्या असलेल्या खडकांवर आहे.

या खडकाळ जागा दिवसातून दोनदा मोकळ्या होतात आणि दोनदा पाण्याखाली जातात. कुलाबा किल्ल्याची वाट, हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग, खडकांतली डबकी, हे सारे ओहोटीच्या हिशेबाने चालते. पैठणच्या नाथसागराचे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. समुद्राचे पाणी सकाळी उतरलेले असले तर दुपारी चढते. त्यामुळे घाटावरून येणाऱ्याने राहण्याच्या खोलीआधी भरतीची वेळ पाहिली, तर सहलीचा निम्मा त्रास वाचतो. प्रसंगी त्याहून बरेच काही वाचते.

खडक तोच, कोरणारे वेगळे

ज्यांनी वेरूळचे कैलास लेणे पाहिले आहे त्यांना कोकणातला काळा कातळ परका वाटायचे कारण नाही. दोन्हीकडचा दगड बेसाल्टच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा एकामागून एक थरांनी पसरला आणि थंड होऊन दख्खनचे पठार तयार झाले. वेरूळ, अजिंठा, देवगिरीचा ताशीव डोंगर आणि सह्याद्रीचे कडे हे सगळे त्याच थरांचे भाग आहेत. या शहराच्या जुन्या नावातही खडक होता. मलिक अंबरने १६१० मध्ये ज्या जागी नगर वसवले, त्या गावाचे नाव खडकी.

फरक थरांच्या ठेवणीत आहे. घाटावर हे थर बहुतांशी आडवे आहेत, म्हणून डोंगरांचे माथे सपाट दिसतात. पनवेलपासून दक्षिणेकडे किनारपट्टीत थर पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने, कललेले आहेत. मुरूडच्या परिसरात या थरांना छेदून नंतर वर आलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंतीही आढळतात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. भोवतीचा खडक झिजला की अशी भिंत समुद्रात शिरलेल्या बांधासारखी दिसते, आणि ती माणसाने रचली असावी असे पाहणाऱ्याला वाटून जाते.

वेरूळला छिन्नीने जे केले ते इथे लाट, मीठ आणि गोटे करतात. लाटा कड्याच्या पायथ्याशी खाच पाडतात, वरचा भाग आधार सुटून कोसळतो आणि कडा मागे सरकतो. त्याच्या जागी पाण्याच्या पातळीवर एक सपाट कातळ उरतो. शाळेच्या भूगोलात त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तो हरिहरेश्वरला फार चांगला समजतो, कारण तिथे त्याच्यावरून चालता येते.

तिथीवरून भरतीची वेळ

भरती-ओहोटी मुख्यतः चंद्रामुळे होते. म्हणून तिची वेळ तारखेवरून सांगता येत नाही, तिथीवरून सांगता येते. कोकणात यासाठी एक सोपे गणित पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे: तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे आणि चारने भागावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हेच गणित लागू पडते.

उदाहरणार्थ पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. त्या दिवशी पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती असते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी येते, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास किनारा सर्वांत उघडा असतो. अष्टमीला भरती सहा वाजता आणि ओहोटी दुपारी बाराच्या पुढे. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा येतात, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हे उत्तर अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळते. नेमकी वेळ मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यांत मिळते, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहून तोंडी केलेला हिशेब सहलीची तारीख ठरवायला पुरेसा आहे.

वेळेइतकीच पाण्याची उंची महत्त्वाची. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. मुंबईच्या परिसरात हा फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे एका मजल्याहून जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यामुळे अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी आहे म्हणून निवांत निघालेल्या माणसाला कुलाबा किल्ल्याची वाट अजून गुडघाभर पाण्यात सापडू शकते.

दोन्ही गोष्टी जमून येतात त्या पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंत. उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान येते. दुपार सोयीची असेल तर द्वादशी ते चतुर्दशी पाहावी, तेव्हा ओहोटी तीन ते पाचच्या दरम्यान असते. शनिवार-रविवार आणि या तिथी जुळवणे हीच खरी पंचाईत.

आणखी एक बारकावा आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा तो साधारण असतो. सुरुवातीला पाणी जागचे हलत नाही असे वाटते, आणि तिसऱ्या तासात ते डोळ्यांदेखत वाट गिळते. अडकणारे लोक बहुधा त्या पहिल्या तासावर विसंबलेले असतात.

कुलाबा: चालत जाता येणारा जलदुर्ग

अलिबागच्या पुळणीवर उभे राहिले की समोर कुलाबा किल्ला दिसतो. भरतीला तो बेट असतो. ओहोटीला मधली वाळू आणि कातळ उघडे पडतात आणि लोक चालत किंवा घोडागाडीने किल्ल्यात जातात. भरती असेल तेव्हा होड्या असतात. फ्रान्समधले माँ सें मिशेल आणि इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे लिंडिसफार्न बेट याच जातीची ठिकाणे आहेत. लिंडिसफार्नच्या रस्त्यावर पलीकडे जाण्याच्या सुरक्षित वेळा फलकावर लिहिलेल्या असतात, तरी तिथे मोटारी पाण्यात अडकतातच.

किल्ल्याचे काम छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या काळात, हाती घेतले. ते छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. बाहेरच्या तटाकडे नीट पाहावे. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते, विखुरते आणि परत येते, त्यामुळे तिचा सगळा दणका भिंतीला एकदम बसत नाही असे त्याचे कारण सांगितले जाते. भिंत सव्वातीनशेहून जास्त पावसाळे उभी आहे, हे तर समोरच दिसते. आत गणेश पंचायतन आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, आणि तटावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या दोन तोफा गाड्यांसह उभ्या आहेत. शेजारी सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला आहे. तिकडे जाणारे कमी, त्यामुळे खडकांतले जीव निवांत पाहायचे तर तीच बाजू बरी.

जाण्याचा नियम सोपा आहे. उतरत्या पाण्याबरोबर निघावे आणि पाणी चढू लागण्याआधी परतीला लागावे. ओहोटी नऊला असेल तर साडेसातला निघून साडेनऊपर्यंत किनाऱ्यावर यावे. ओहोटीच्या क्षणी निघून किल्ल्यात दोन तास रमणाऱ्यांना परत होडीच शोधावी लागते.

अलिबागमध्ये आणखी एक वेगळी जागा आहे: भूचुंबकीय वेधशाळा. ती पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेवर ट्राम चालवायचे ठरल्यावर त्या विजेचा मोजमापांत अडथळा येणार होता, म्हणून १९०४ मध्ये नोंदींचे काम इथे हलवण्यात आले. आत जाऊन फिरण्याचे ते ठिकाण नाही.

अलिबागहून मुरूड सुमारे ५० किलोमीटर. वाटेत रेवदंड्याची खाडी ओलांडली की उजव्या हाताला कोर्लईचे भूशिर लागते. लांब, अरुंद आणि तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या या डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला आहे. त्याच्या कुशीत दीपगृह आहे आणि खाली लाटा फोडणारे काळे खडक. कोर्लई गावातला ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून बनलेली स्वतःची बोली बोलतो. पोर्तुगीजांची सत्ता इथून १७४० मध्ये गेली, भाषा मात्र राहिली. पुढचा काशीद वाळूचा किनारा आहे, म्हणून इथे त्याचा विस्तार नको.

जंजिरा आणि त्याच्यासमोरचा पद्मदुर्ग

जंजिरा हा शब्द अरबीतल्या बेट या अर्थाच्या ‘जझीरा’वरून आला. मुरूडजवळ राजपुरी खाडीच्या तोंडाशी एका बेसाल्टच्या बेटावर, जवळजवळ त्या बेटाच्याच आकाराचा हा किल्ला आहे. क्षेत्र सुमारे २२ एकर, बुरूज १९. तटाचा पाया खडकाशी इतका एकजीव झाला आहे की दगड कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झाले ते होडीतून पाहताना पटकन उमगत नाही. दरवाजाही अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत आणि बुरजावर कलाल बांगडी ही प्रचंड तोफ.

या किल्ल्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, हबशी. खडकी वसवणारा मलिक अंबरही हबशीच, आणि दोघांचाही संबंध अहमदनगरच्या निजामशाहीशी. खुलताबादला मलिक अंबरची कबर पाहिलेल्या माणसाला जंजिऱ्यावर त्याच इतिहासाचे दुसरे टोक सापडते. सिद्दींचे राज्य संस्थान म्हणून टिकले आणि १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

किल्ला कधीच जिंकला गेला नाही, याचे श्रेय तोफांइतकेच पाण्याला द्यावे लागते. शिवाजी महाराजांच्या काळात लाय पाटील या कोळी सरदाराने रात्री तटाला शिड्या लावण्याचे धाडस केले, पण मागून येणारी कुमक वेळेवर पोहोचली नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर राजपुरीच्या बाजूने समुद्रात भराव टाकून बेटापर्यंत वाट बांधायला घेतली होती. मोगल फौजा कोकणात उतरल्याने महाराजांना माघारी वळावे लागले आणि काम अर्धे राहिले. ज्यांच्या नावाने आज शहर ओळखले जाते, त्यांच्या मोहिमांपैकी ही एक मोहीम राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहून पाण्याकडे बघितले की चांगली कळते. अंतर डोळ्यांना थोडे वाटते. प्रवाह पाहिला की बेत किती मोठा होता ते ध्यानात येते.

राजपुरीहून शिडाच्या होड्या किल्ल्याकडे जातात. किल्ल्यात थांबायला मिळणारा वेळ मोजका, सहसा तासाभराच्या आतला असतो, म्हणून आधी तट आणि तोफा, मग तलाव, असा क्रम ठेवलेला बरा. दरवाजाशी उतरताना होडी लाटेवर वरखाली होत असते आणि पायऱ्यांवर शेवाळ असते. वयस्कर माणसांनी आणि लहान मुलांना कडेवर घेतलेल्यांनी नावाडी हात देईपर्यंत उठू नये. समुद्र खवळलेला असतो त्या पावसाळ्याच्या महिन्यांत, जूनपासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत, ही वाहतूक बंद असते. चारशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालवून जुलैत राजपुरीला पोहोचणाऱ्यांना किल्ला लांबूनच पाहावा लागतो.

पद्मदुर्ग मुरूडच्या समोर समुद्रात, कांसा नावाच्या खडकावर आहे. जंजिऱ्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी तो बांधला. इकडे नियमित फेरी नाही. समुद्र शांत असेल आणि नावाडी तयार असेल तरच जाता येते. जाता आले तर त्याची भिंत हेच मुख्य आकर्षण. चिऱ्यांची तोंडे खाऱ्या वाऱ्या-पाण्याने आत झिजली आहेत आणि त्यांच्यामधला चुना मात्र मधाच्या पोळ्याच्या कडांसारखा बाहेर उभा आहे. दगडाने हार मानली, चुना टिकून राहिला. कुलाब्याला चुना वापरायचाच नाही आणि पद्मदुर्गला दगडाहून टिकाऊ चुना वापरायचा, अशा दोन रीती जवळपास एकाच काळात आणि एकाच किनाऱ्यावर दिसतात.

हरिहरेश्वर: समुद्राच्या पातळीवरची प्रदक्षिणा

मुरूडच्या दक्षिणेला आगरदांडा ते दिघी अशी मोटारी नेणारी फेरीबोट आहे. तिने खाडी ओलांडली की मोठा वळसा वाचतो. दिवेआगरहून आरावी, शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता तर समुद्राला लागूनच जातो. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खडकांवर फुटणारी लाट. या सहलीतला गाडीतून पाहायचा सर्वांत सुंदर भाग हाच. श्रीवर्धन हे पेशव्यांचे, भट घराण्याचे, मूळ गाव. तिथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. तिथून हरिहरेश्वर सुमारे २० किलोमीटर.

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावून जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाजवळ हे गाव आहे. भोवतीच्या चार टेकड्यांना हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री अशी नावे आहेत. हरिहरेश्वर आणि काळभैरव ही दोन देवळे शेजारी शेजारी असून आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, आणि पुन्हा काळभैरव, अशी दर्शनाची रीत आहे. कोकणाबरोबर देशावरच्याही अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असल्याने येथे येणाऱ्यांत भाविक पुष्कळ असतात.

प्रदक्षिणा मार्ग देवळामागच्या टेकडीवर चढतो आणि लगेच दोन उभ्या कातळांच्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली उतरतो. फटीच्या टोकाला एकदम समुद्र समोर येतो. इथून पुढे वाट अशी नाही. तरंगघर्षित मंचावरूनच टेकडीला वळसा घालत जायचे असते. उजव्या हाताला समुद्र असो की डाव्या, वाटेतली तीर्थे, त्यांत गायत्री तीर्थ आणि शुक्ल तीर्थही, खडकातच आहेत. चालायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाहत गेले तर दीड तास, आणि पाहतच जावे.

कड्याच्या अंगावर जाळीसारखी शेकडो भोके दिसतात. ती कोणी कोरलेली नाहीत. लाटेचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि मिठाचे स्फटिक मागे राहतात. ते वाढताना खडकाचे कण सुटे करतात. एकदा खळगा पडला की त्याच्या आत सावली आणि ओल टिकते, म्हणून तो आणखी खोल जातो, आणि दोन खळग्यांमधली भिंत तेवढी उरते. पायाखालच्या मंचावर गोल, गुळगुळीत खड्डे दिसतात. ते रांजणखळगे. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे फिरून दगड घासतात आणि असा खड्डा होतो. हेच काम कुकडी नदीने पारनेर तालुक्यात निघोजला केले आहे. संभाजीनगरहून पुण्याकडे येताना थोडी वाट वाकडी केली तर ते खळगेही पाहता येतात. नदीने केलेले आणि समुद्राने केलेले रांजण एकाच सहलीत शेजारी ठेवून बघण्यात मौज आहे. मुलांना तर नक्कीच.

भरतीच्या वेळी हा मार्ग बंद असतो. मंचावर पाणी आल्यावर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र राहतो, आणि मध्येच वर चढायला वाट नाही. देवळाजवळ सूचनाफलक आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. ‘प्रदक्षिणा अर्धवट सोडू नये’ ही भावना समजण्यासारखी आहे, पण पाणी चढत असेल तर ज्या वाटेने आलो त्याच वाटेने मागे फिरणेच योग्य. स्थानिक गुरुजी आणि दुकानदारही तेच सांगतात.

डबक्यांतले जग

ओहोटीनंतर खडकांच्या खळग्यांत पाणी अडकून राहते. अशा डबक्यापाशी पाच मिनिटे न हलता बसले की आधी रिकामे वाटलेले पाणी हलू लागते. शंख चालतो, तो खरे तर रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा असतो. हिरवट किंवा तपकिरी समुद्रफूल आपले दोरे पसरते. ते फूल नव्हे, प्राणी आहे. खडकाला चिकटलेले पांढरे, टोकदार कवचांचे थर म्हणजे बार्नेकल, आणि त्यांनी पाय चांगलाच कापतो. जरा खालच्या अंगाला कालवे चिकटलेली असतात. ओहोटीला गावातल्या बाया ती फोडून आतले मांस काढताना दिसतात. वाकून, उन्हात, तासन्‌तास करायचे हे काम आहे. त्यांना पाणी कधी पलटणार ते घड्याळाशिवाय कळते. त्या उठल्या की पर्यटकांनीही उठावे.

दगड उचलून पाहिला तर तो हळूच होता तसा ठेवावा. खालची बाजू वर राहिली की तिथले ओलाव्यावर जगणारे जीव उन्हाने मरतात. शंकूच्या आकाराचे जिवंत शंख हातात घेऊ नयेत, त्यांतल्या काहींचा दंश विषारी असतो. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते तोडून नेणे गुन्हा आहे, मग तुकडा कितीही लहान असो.

पाय घसरतो तो कुठे

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. ती वाळूची पुळण होती, दिवस स्वच्छ होता. खोल पाणी, उतरत्या पाण्याची ओढ आणि पोहता न येणे यांतले एकेक एकटे पुरेसे धोकादायक असते. घाटावरच्या बऱ्याच मुलांनी पाणी पाहिलेले असते ते विहिरीचे किंवा तलावाचे, जे माणसाला ओढून नेत नाही. वाहत्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये. किनाऱ्याला समांतर जात ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग वळावे. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो.

खडकावर धोका निराळा. काळा-हिरवा, चकाकणारा भाग म्हणजे शेवाळ. त्यावर चपलेने आणि अनवाणी, दोन्ही तऱ्हांनी पाय सरकतो. खरखरीत तळाचे, मागे पट्टा असलेले पादत्राण लागते. लाटा सारख्या उंचीच्या नसतात. काही लहान लाटांनंतर मोठ्या लाटांचा गट येतो, म्हणून दहा मिनिटे कोरडा राहिलेला खडक अकराव्या मिनिटालाही कोरडा असेलच असे नाही. कातळ ओला दिसत असेल तर लाट तिथवर येऊन गेलेली आहे. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून कडेवर उभे राहणे हा सर्वांत वाईट प्रकार. कोणी पडलेच तर मागोमाग उडी न टाकता दोरी, ओढणी, रिकामा प्लास्टिकचा डबा असे काही फेकावे, ११२ ला फोन करावा आणि जवळच्या कोळी बांधवांना हाक मारावी. बहुतेक वेळा पहिली होडी त्यांचीच पोहोचते.

जायचे कसे

गाडीने अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट आणि माणगाव या वाटेने हरिहरेश्वर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास पडते. मुक्काम धरूनच निघावे, आणि ताम्हिणी अंधारात उतरायची वेळ येऊ नये इतक्या लवकर. रेल्वेने मुंबई गाठली तर गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच मिळते. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यापर्यंत मोटारी नेणारी रो-रो बोटही आहे. मांडव्याहून अलिबाग जवळ. एसटीने येणाऱ्यांना अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन ही आगारे किंवा स्थानके सोयीची. हरिहरेश्वरला राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, आणि घरगुती राहण्या-जेवणाची सोय चारही ठिकाणी होते.

दोन रात्रींत अलिबाग आणि मुरूड होतात. तिसरी रात्र हरिहरेश्वरला ठेवता आली तर प्रदक्षिणेसाठी सकाळची ओहोटी मिळण्याची शक्यता वाढते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणखी एक दिवस असेल तर हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वीला उतरून वेळासला जावे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात आणि अंड्यांतून निघालेली पिल्ले सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. पिल्ले कोणत्या दिवशी निघतील याचा नेम मात्र नसतो, आणि त्या बाबतीत तिथी-पंचांगाचाही काही उपयोग होत नाही.